आडवी सातशेपन्नास

गाडी विकायला तयार झाले तेव्हा ह्यांनी एकच अट घातली. जो कोणी घ्यायला येईल त्याने ती आडवी पडलेली उचलून दाखवायची. एकट्याने.

मला ती अट रास्त वाटली. आमचे हे, ओगाता इवाओ, निवृत्त होईपर्यंत लायसन्सच्या मैदानावर परीक्षक होते. मोठ्या मोटारसायकलचं लायसन्स त्या काळी शंभरात दोघाचौघांना मिळायचं. परीक्षा सुरू होण्याआधी मैदानाच्या कडेला एक सातशेपन्नास सीसीची गाडी आडवी टाकलेली असे. ती उचलायची, इंजिन बंद ठेवून इंग्रजी आठ काढत ढकलत न्यायची, मग मधल्या स्टँडवर चढवायची. यातलं एकही जमलं नाही की हे म्हणायचे, "पुढचा." झालं. रागावणं नाही, धीर देणं नाही. ज्याला पडलेली गाडी उचलता येत नाही त्याने ती रस्त्यावर आणू नये, एवढंच त्यांचं शास्त्र. आमच्या बाजूचे साठीच्या पुढचे पुरुष अजूनही बाजारात ह्यांना पाहिलं की पाठ ताठ करतात.

त्या रांगेत मीही उभी राहिलेली आहे. चोवीस वर्षांची होते, भावाचे बूट घातले होते आणि पुढे कापूस कोंबला होता. रांगेत बाई मी एकटी. गाडी थोडी वर आली आणि हात सुटले. "पुढचा." महिन्याने पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझे हात सुटल्यावर हे म्हणाले, "पाठीने उचलताय. पायांनी उचला." मैदानावर त्यांनी कुणाला काही समजावल्याचं ते एकमेव उदाहरण असावं, आणि पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. लायसन्स मला मिळालं नाही ते नाहीच. चाळीस वर्षं मी मागच्या सीटवर बसले.

ती सीट ह्याच गाडीची. चंदेरी, चार सिलिंडरची, नाकाशी तलवारीसारखी निमुळती. आल्या दिवशी शेजारीपाजारी बघायला जमले होते. पण तिचं हँडल मात्र हास्यास्पद होतं. परदेशात हीच गाडी बसक्या हँडलची जायची. आपल्याकडे तसलं हँडल सरकारला चालत नव्हतं, म्हणून कंपनीने उंच, रुंद, शेत नांगरायच्या यंत्रासारखं हँडल लावून दिलं. घेणारा प्रत्येक जण ते आठवड्याभरात काढून बसकं लावी आणि पोलीस त्यांना गाठून दंड करीत. हे परीक्षक. ह्यांनी कंपनीचं हँडल काढलं नाही. घाटात चहाला थांबलो की पोरं म्हणायची, "ओगाता-सान, आज कुठलं शेत?" हे चहा पीत राहायचे. आता गंमत अशी की बाकी सगळ्यांनी ती हँडलं भंगारात घातली, त्यामुळे मूळ हँडलची गाडी शोधून सापडत नाही. जाहिरात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले ते त्या नांगरासाठीच.

विकायची वेळ का आली, ते सांगते. सत्त्याहत्तराव्या वर्षीही हे दर रविवारी आसोच्या डोंगरकड्यावर गाडी काढीत. लायसन्सच्या नूतनीकरणाला म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासतात, तीत हे पास झाले. मी निर्धास्त होते. मग ऑक्टोबरात एका सकाळी बालवाडीच्या बसचा ड्रायव्हर कुवानो आमच्या दाराशी आला. आत यायला तयार नव्हता. टोपी हातात फिरवत म्हणाला की रविवारी शेतकी संघाच्या चौकात त्याचा दिवा हिरवा होता, बसमध्ये संमेलनाला निघालेली मुलं होती, आणि ओगाता-सान लाल दिव्यात सरळ पुढे आले. ब्रेक लागला म्हणून. मुलांचे डबे पुढपर्यंत घरंगळत आले. "मी कुणाला बोललो नाही, वहिनी," तो म्हणाला. "त्यांनीच मला लायसन्स दिलंय."

ह्यांना विचारलं तर म्हणाले, पिवळा होता. पण दोन दिवस जेवताना मान वर केली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चिझुरूला सांग, जाहिरात टाक." चिझुरू आमची मुलगी, ओसाकाला असते. त्यासोबत ती अट.

पहिला आला तो फुकुओकाचा दाताचा डॉक्टर. चामड्याचं जाकीट इतकं नवं की बसताना कुरकुरत होतं. ह्यांनी माडीवरच्या खोलीतल्या तातामीच्या दोन जाड चटया अंगणात आणून टाकल्या होत्या, हँडलखाली जुनी रजई घडी करून ठेवली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि गाडी हळूच आडवी केली. डॉक्टर दोनदा वाकला आणि कंबर धरून बसला. "पुढचा." दुसरा दलाल होता. परीक्षा कसली, मी रोकडा माणूस आहे, म्हणाला आणि बूट न काढताच परत गेला. तिसऱ्याने गाडी उचलली पण स्टँडवर चढवताना त्याचा पाय घसरला आणि ती पुन्हा चटयांवर आडवी झाली. तो रडवेला झाला. मला त्याची दया आली, ह्यांना नाही.

लोक गेले की आडवी गाडी हेच उचलायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पहिल्या वेळी सहज उचलली. दुसऱ्या वेळी, मधे थांबून. तिसऱ्या वेळी गाडी उभी राहिली तेव्हा ह्यांचे ओठ जांभळे झाले होते आणि हे सीटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते, जणू काही गाडीचंच सांत्वन करताहेत. मी पाणी आणलं तर म्हणाले, "ऊन आहे." नोव्हेंबर होता. कड्यावरचं गवत पिवळं पडलं होतं आणि वारा बोचत होता.

त्या रात्री मला स्वच्छ कळलं. विकत घेणारा हरला की गाडी घरात राहणार. घरात राहिली की रविवारी बाहेर निघणार. आणि चौकात दर वेळी कुवानोच असेल असं नाही.

कोगा आला तो शनिवारी सकाळी. कुरुमेकडचा, पंचेचाळिशीचा, रोपवाटिकावाला; झाडं मुळांसकट उपटून ट्रकवर चढवणं हाच धंदा. आमच्या फाटकाशी पाइनचं म्हातारं झाड लावलेली दगडी कुंडी आहे. तिच्यामुळे त्याचा छोटा ट्रक आत येईना. त्याने विचारलं, "काकू, जरा सरकवू का?" मी हो म्हणेपर्यंत त्याने गुडघे वाकवले, कुंडीला छाती लावली आणि ती बाजूला नेऊन ठेवली. मांजर उचलून ठेवावं तशी. हे ओसरीवरून बघत होते. मीही बघितलं. मनात म्हटलं, आज सुटलो.

चहा झाला. मी रताळ्याचे गरम दिंडे केले होते, ते त्याने दोन खाल्ले. थोडा लाजरा होता. मग म्हणाला की त्याचे वडीलही ह्यांच्याकडे परीक्षेला यायचे. पुन्हा पुन्हा यायचे, इतक्या लांबून बसने. उचलण्याच्या पुढे कधी गेले नाहीत. शेवटी नाद सोडून चारशेची गाडी घेतली आणि जन्मभर तीच चालवली.

ह्यांनी पेला खाली ठेवला. "मला शिव्या देत असतील."

"नाही. ते म्हणतात, ओगाता-सान कधी खोटा निकाल देत नसत. पडलो तो खरा पडलो." कोगा हसला. "आता त्यांचे पाय चालत नाहीत. एकदा मागे बसवून ह्या कड्यावर आणायचं आहे. सातशेपन्नासवरून."

हे उठले. म्हणाले, "चला."

गाडी आडवी करताना मी नेहमीप्रमाणे पलीकडून धरलं. मग हे चार पावलं मागे गेले, हात पाठीशी बांधले आणि मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "सुरू करा."

कोगा खाली बसला. हँडल आपल्याकडे वळवलं, उजवा हात सीटखालच्या दांड्यावर ठेवला, छाती टाकीला लावली. बैठकीत एकही चूक नाही. आणि मग त्याने मान वर करून ह्यांच्याकडे बघितलं.

तिथे बघायला नको होतं. हे गाडीकडे बघत होते, पण तो परीक्षकाचा चेहरा नव्हता. दवाखान्यात आतल्या खोलीचं दार बंद झाल्यावर बाहेरच्या बाकावरचा माणूस दाराकडे बघतो, तसं बघत होते.

कोगाच्या खांद्यांना झटका बसला. तो कण्हला. गाडी वीतभर वर आली आणि परत खाली गेली. त्याने पुन्हा केलं, पुन्हा वीतभर. मग तो उठला, आमच्यापुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "मला जमत नाही. वेळ घेतला, माफ करा."

हातातून सुटलेली गाडी कशी पडते ते मला माहीत आहे. धाडकन पडते. ही पडली नव्हती, ठेवली गेली होती. रजईवर हँडल टेकलं त्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्याच वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्यांना कळलं होतं. ज्याने जन्मभर हजारोंच्या मांड्या आणि मनगटं वाचली त्याला कळणार नाही तर कुणाला? कळलं होतं, आणि तरी ते म्हणाले, "पुढचा."

अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

कोगा फाटकाजवळच्या नळावर हात धुवायला गेला. मी त्याच्या मागे गेले. पाहुण्याला असं काही बोलायचं नसतं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी नळ बंद केला.

"तुम्ही उचलली नाहीत," मी म्हटलं.

"जमली नाही, काकू."

"ती कुंडी तिच्याहून हलकी नाही."

तो हाताचं पाणी निथळू देत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "त्यांचं तोंड बघितलंत ना तुम्ही? माझ्या बापाचं वय आहे. त्यांच्या हातून ती कशी नेऊ? राहू दे त्यांच्याजवळ. आणखी किती वर्षं चालवणार आहेत?"

"हाच तर प्रश्न आहे," मी म्हटलं, आणि त्याला चौकातलं सांगितलं. लाल दिवा, बस, घरंगळलेले डबे. तो ऐकता ऐकता पांढरा पडला. "तुम्ही सभ्य माणूस आहात, कोगा-सान. पण तुमच्या सभ्यतेपायी मी विधवा होईन, ते एक वेळ मी सोसेन. त्या बसमधल्या मुलांच्या आयांना काय सांगू? पाहुणे फार भिडस्त होते म्हणून?"

तेवढ्यात अंगणातून सीटचं चामडं करकरल्याचा आवाज आला. आम्ही वळलो. हे गाडीशी खाली बसले होते. छाती टाकीला लावली होती.

"अहो, थांबा," मी म्हटलं.

"तुम्ही दोघं आत जा. मी उभी करतो."

"आधी निकाल सांगा."

"सांगितला."

"मग मला समजावून सांगा." माझा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी चोवीस वर्षांची होते. भावाचे बूट घालून आले होते. तीन वेळा तुम्ही मला 'पुढचा' म्हणालात. मी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, कारण मी खरोखर जीव लावून उचलत होते आणि खरोखर पडत होते. कोगा-सानच्या वडिलांनीही तेच केलं. आत्ता जे झालं, ते काय होतं? परीक्षक म्हणून सांगा. नवरा म्हणून नको."

कोगा मान खाली घालून उभा होता. पाइनवर एक बुलबुल किंचाळत होता, तोही मधेच उडून गेला. ह्यांनी टाकीवरचा हात काढला नाही. त्या चंदेरी टाकीवर त्यांच्या बोटांच्या वाफेचे डाग उमटले आणि पुसले जात राहिले. मला वाटलं, आता मला घरात जायला सांगतील, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी जाणार नाही, आणि मग पुढे काय?

"परीक्षा झालीच नाही," हे शेवटी म्हणाले. "परत घ्यायची." मग थोड्या वेळाने, "पण आधी मी. मी उचलली तर ती माझी. कुणी हात लावायचा नाही."

तो त्यांचाच नियम होता आणि तो सगळ्यांना सारखा होता.

ह्यांनी दोन श्वास घेतले आणि जोर लावला. गाडी उठली. वीतभर, मग गुडघ्याइतकी. मानेच्या शिरा फुगल्या. आणखी थोडी वर आली, आणि मला वाटलं उचलतात हे, उचलतात, आणि देवा, त्या क्षणी मला काय हवं होतं ते मलाच सांगता आलं नसतं. तेवढ्यात चाकं सरकली. गाडी गिअरमध्ये टाकून चाक अडवायचं राहून गेलं होतं. आधी गिअर, मग हात. मैदानावर ते विसरणाऱ्याला हे गाडीला हातही लावू देत नसत. चाक तातामीवरून घसरलं, गाडी अंगावर कलली, ह्यांचा डावा पाय तिच्याखाली. कोगा पुढे झेपावला. मी त्याची बाही धरली. का धरली, मला माहीत नाही. इतकी घट्ट धरली की शिवण उसवली.

गाडी आणि हे तसेच राहिले, अर्धे वर, अर्धे खाली. ह्यांचे ओठ पुन्हा जांभळे होत चालले. पोराला झोपेतून न उठवता गादीवर ठेवतात तसे हे बोटाबोटाने खाली येत गेले. पाय आधी काढून घेतला, मग रजईवर हँडल टेकवलं. आवाज आला नाही. मग स्वतः चटईवर गुडघे टेकून बसले.



"पुढचा," हे म्हणाले.

ह्या वेळी ते खरं होतं. ह्यांनी हात टेकून उठून जागा दिली आणि चार पावलं मागे जाऊन, पाठीशी हात बांधून उभे राहिले. कोगाने डोळे पुसले की कपाळ, मला दिसलं नाही. त्याने वाकून आधी गिअर टाकला. मग गाडी एका दमात उभी केली. गिअर काढून अंगणभर इंग्रजी आठ काढले, माझ्या मुळ्यांच्या वाफ्याला धक्का न लावता. मधल्या स्टँडवर पाय दिला आणि ती खट्कन वर चढली. त्याने ह्यांच्याकडे बघितलं. पास झालेल्याला हे कधी काही म्हणत नसत, नुसती मान हलवत. तशी हलवली.

व्यवहाराचं बोलणं आत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ट्रकवर चढवताना मात्र ह्यांनी आम्हा दोघांनाही ढकलू दिलं. पट्टे स्वतः आवळले, मग कोगाने आवळलेले पुन्हा स्वतः तपासले. मग कोठीत गेले आणि पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांबडं बोचकं घेऊन आले. आत बसकं हँडल होतं, कोरं. कुणा मित्राने गाडी घेतली त्या वर्षी चेष्टेने दिलेलं. मला ते घरात आहे हेही माहीत नव्हतं.

"आता हे चालतं म्हणतात," हे कोगाला म्हणाले. "तरी लावू नका."

"नाही लावणार."

"वडिलांना वसंतात आणा. गवत जाळून झालं की कड्यावर नवं फुटतं, तेव्हा. सकाळी लवकर, धुकं निवळल्यावर. आणि त्यांना सांगा..." कोगाने वाट बघितली, मग वाकून नमस्कार केला आणि कुंडी परत तिच्या जागी ठेवून निघून गेला. वळणावर गाडीचं ते रुंद हँडल ट्रकच्या फळीवरून एकदा दिसलं.

अंगणात चटया राहिल्या होत्या. हँडलची मूठ जिथे टेकत असे तिथे रजईला खळगा पडला होता. मी एका चटईच्या कडेला हात घातला.

"एकटी उचलू नकोस," हे म्हणाले आणि पलीकडच्या टोकाशी आले. पण वाकले नाहीत. जिथे गाडी उभी असायची तिथे, तेलाच्या जुन्या डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिसऱ्या खेपेला तू जवळजवळ उचलली होतीस."

चाळीस वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी कडा सोडून सरळ उभी राहिले. "मग?"

"मग काय? जवळजवळ." त्यांनी गुडघे वाकवले. "पायांनी उचल. पाठीने नको."

आम्ही चटई उचलली.